बायबलच्या गोष्टींची इसापनीती कशाला करता?

निबर
एका संडे स्कूलच्या (चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गाच्या) शिक्षिकेनं नव्या शिक्षकांसाठी लिहिलेली सूचनावली काल वाचनात आली. डोकं फिरलं, म्हणून हा धागा. बाईंचं म्हणणं असं: गोष्ट संपली की मुलांना एकच सुटसुटीत तात्पर्य द्यायचं, ते आठवडाभर पाळता येईल असं हवं, आणि गोष्टीतलं भीतिदायक, किचकट ते सगळं गाळायचं. वर नमुनेही दिलेत. दावीद आणि गल्याथ: धीट व्हा. योना: मोठ्यांचं ऐका. नोहा: प्राण्यांवर प्रेम करा.

प्राण्यांवर प्रेम! त्या गोष्टीत तारवाबाहेरचं अख्खं जग बुडतं हो. आपण खिडकीतून मान काढलेला जिराफ रंगवायला देतो आणि मोकळे होतो.

योनाचं तर फारच वाईट वाटतं. देव त्याला शत्रूच्या निनवे शहरात जायला सांगतो, तो पळतो आणि मासा त्याला गिळतो. वर्गात ती गोष्ट दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी, माशानं त्याला किनाऱ्यावर ओकलं की संपते. फार तर तिसऱ्यात निनवेचे लोक पश्चात्ताप करतात, टाळ्या, प्रार्थना, घरी. चौथा अध्याय कुणी उघडतच नाही आणि गोष्टीचा जीव तिथं आहे. देवानं शत्रूंना माफ केलं म्हणून संदेष्टा शहराबाहेर रुसून बसलाय. सावलीचा वेल वाळला तर मरण मागतोय. आणि पुस्तक संपतं ते देवाच्या प्रश्नावर: उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि एवढी गुरंढोरं जिथं आहेत, त्या शहराची मला कीव येऊ नये काय? योनानं काय उत्तर दिलं ते लिहिलेलंच नाही. अशा पुस्तकाला 'मोठ्यांचं ऐका' चिकटवायचं?

उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ शेवटी घरात गेला की नाही, हे येशूनंही सांगितलेलं नाही. लूक १५ काढून बघा. ऐकणाऱ्यावर सोडून दिलं. आम्हाला मात्र पाच वर्षांच्या मुलावर एवढाही भरवसा नाही. गोष्ट अख्खी सांगा आणि गप्प बसा. मुलं विचारतील.

खडूफळा
साफ असहमत. निबरदादा, लहान गटाचा वर्ग शेवटचा कधी घेतलात? 'गप्प बसा' म्हणे. मी गप्प बसले की एक टेबलाखाली, दुसरा खिडकीत आणि तिसरी माझ्या पर्समध्ये असते.

आणि 'अख्खी सांगा'चं ऐका. अभ्यासक्रमात होतं म्हणून मी उत्पत्ती २२, देव अब्राहामाला मुलाचा बळी द्यायला सांगतो ते, एकदा जसंच्या तसं सांगितलं. इसहाकाच्या खांद्यावर लाकडं, अब्राहामाच्या हातात सुरी, "बाबा, कोकरू कुठाय?" सगळं. एक मुलगी अगदी चिडीचूप ऐकत होती. मला वाटलं, काय मन लावून ऐकतेय! पुढच्या रविवारी तिचे वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, रोज झोपताना विचारते, "देवानं तुम्हाला सांगितलं तर?" ते बिचारे काय उत्तर देणार? तेव्हापासून ती गोष्ट माझ्या वर्गात होत नाही. अभ्यासक्रम काही का म्हणेना.

पाळकपुत्र
पाळकाच्या घरात वाढलो, त्यामुळे माझं धर्मशिक्षण वडिलांच्या लांबलचक प्रवचनांमध्ये झालं. म्हणजे प्रवचन चालू असताना मी मांडीवरचं बायबल उघडून भयंकर उतारे शोधायचो. डावखुऱ्या एहूदानं त्या लठ्ठ राजाच्या पोटात तलवार खुपसली ते, अलीशाला टकल्या म्हणणाऱ्या बेचाळीस पोरांना अस्वलांनी फाडलं ते. असाच एकदा दानीएल ६ वाचत होतो. दानीएलला सिंहांच्या गुहेत टाकतात ती गोष्ट पाठच होती, पण २४ वं वचन मला कुणीही सांगितलं नव्हतं. दानीएल सुखरूप बाहेर आल्यावर राजा त्याच्यावर आरोप करणाऱ्यांना गुहेत टाकतो, बायकापोरांसकट.

मी भ्यायलो नाही. मला राग आला. ज्या शिक्षिकेनं हसरे सिंह चिकटवून ती गोष्ट सांगितली होती, तिला हे ठाऊक असणारच की! मग तिनं आणखी काय काय लपवलंय, असं डोक्यात बसलं. ते अजून पुरतं गेलेलं नाही. निबरशी सहमत.

हिशेबी
तात्पर्यं राहू द्या हो बाजूला. आधी त्या पाठांतर स्पर्धा बंद करा. मुलगा परवा बक्षिसाची चांदणी मिरवत आला: यिर्मया २९:११, तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत वगैरे. विचारलं, हे देव कुणाला म्हणाला? "मला." बरं, त्याच्या आधीचं वचन काय? माहीत नाही. आधीच्या वचनात सत्तर वर्षं आहेत! बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे ते. ऐकणाऱ्यांतले बहुतेक तिथंच मरणार होते. आणि माझ्या पोराला वाटतं, देवानं त्याच्या परीक्षेचा निकाल ठरवून ठेवलाय.

फिलिप्पै ४:१३ ची तीच गत. 'मी सर्व काही करण्यास शक्तिमान आहे' म्हणत पोरं धावण्याच्या शर्यतीला उभी राहतात. हे पत्र लिहिणारा पौल बेड्यांत आहे आणि आदल्या वचनात भूक आणि टंचाई सोसायला शिकल्याचं सांगतोय, हे कुणाच्या गावी नाही.

जुनं_वळण
हिशेबी, सगळ्या गोष्टी लगेच समजल्याच पाहिजेत हा हट्ट कशाला? माझ्या वडिलांची शेवटी शेवटी आठवण गेली. मला ओळखेनात, आईला ओळखेनात. पण २३ वं स्तोत्र कुणी सुरू केलं की पुढचं सगळं स्पष्ट म्हणायचे, एक शब्द इकडचा तिकडे नाही. डोळे मिटले त्या दिवशीही ओठ हलत होते. लहानपणी पाठ केलं होतं म्हणूनच ना? तेव्हा त्यांना संदर्भ-बिंदर्भ कुणी शिकवला नव्हता. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातलं ६:७ वाचा: ही वचनं मुलांच्या मनावर बिंबवावीत अशी आज्ञा आहे, सूचना नव्हे.

तिरकस
मावशी, त्याच वचनात 'घरी बसता, वाटेनं चालता, निजता, उठता' असंही आहे. आज्ञा आईबापांना आहे. तेरा वचनं पुढे जा, मुलगाच विचारतो, या आज्ञांचा अर्थ काय? म्हणजे तिथं मूल प्रश्न विचारतं आणि बाप उत्तर देतो. आपल्याकडे शिक्षिका प्रश्न विचारते, मूल उत्तर देतं आणि बाप गाडीत बसलेला असतो.

संडे स्कूल काही सीनाय पर्वतावरून खाली आलेली नाही. रॉबर्ट रेक्सनं ग्लॉस्टरला १७८० मध्ये काढली ती आठवडाभर राबणाऱ्या गरीब पोरांना वाचायला शिकवण्यासाठी. त्यांना दुसरी शाळाच नव्हती. आईबापांची जागा घ्यायला नव्हती काढली.

खडूफळा
तिरकस, जन्मात पहिल्यांदा तुमच्याशी सहमत. गाडी बंदसुद्धा करत नाहीत हो लोक! दार उघडलं, पोर उतरवलं, निघाले. तासाभरात मी त्याला विश्वास, शिस्त, गाणं आणि सभ्यपणा शिकवायचा. आणि वर "या वेळी नाटकात आमच्याला मागी लोकांत, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेल्या ज्ञानी लोकांत, का नाही घेतला?" मत्तयात मागी तीन होते असं लिहिलेलं नाही, म्हणून मी एकदा सहा घेतले. तरी दोन आया नाराजच.

हिशेबी
जुनं_वळण, तुमच्या वडिलांबद्दल पूर्ण आदर आहे. पण त्यांनी ते स्तोत्र चांदणीसाठी पाठ केलं होतं का? माझा विरोध पाठांतराला कमी आणि बक्षिसाला जास्त आहे.

जुनं_वळण
हो. बक्षिसासाठीच केलं होतं. पेन्सिल मिळाली होती. म्हातारपणापर्यंत सांगायचे.

हिशेबी
एका माणसाच्या पेन्सिलीवरून धोरण ठरवायचं का? जी मुलं हरली त्यांचं काय? माझी बहीण अडखळत बोलायची. दर वर्षी तिला सगळ्यांसमोर उभी करायचे, दर वर्षी ती दुसऱ्या ओळीला अडायची, आणि मागच्या बाकावरून हसू यायचं. देवाच्या वचनाबद्दल तिच्या मनात काय बिंबलं असेल ते तुम्हीच सांगा. ती आता मंडळीच्या दारातही उभी राहत नाही.

जुनं_वळण
हसणाऱ्या पोरांच्या कानाखाली द्यायला हवी होती. त्यात स्तोत्राचा काय दोष? वाईट शिक्षक भेटला म्हणून वचन पाठ करणंच बंद करायचं, हा कुठला न्याय? उगाच भावनिक करू नका.

हिशेबी
भावनिक कुणी सुरू केलं? स्क्रोल करून वर जा.

निबर
अहो, पाठांतरासाठी दुसरा धागा काढा ना! इथं प्रश्न तात्पर्याचा आहे.

सावध_आई
तात्पर्याचंच विचारते मग. व्हीबीएसमध्ये (सुट्टीतल्या बायबल शिबिरात) माझ्या मुलीनं इस्राएली लोकांनी यरीहो शहर जिंकल्याची गोष्ट केली. खोक्यांची भिंत, मुलं सात फेऱ्या मारतात, ओरडतात, भिंत कोसळते, जल्लोष. घरी आल्यावर विचारते, "आतली मुलं कुठे गेली?" मी यहोशवा ६ उघडलं. २१ व्या वचनात पुरुष, स्त्रिया, तरुण, म्हातारे, गाईबैलांपर्यंत सगळ्यांना तलवारीनं मारलं. मी तिला इस्राएली हेरांना लपवणाऱ्या राहाबेचं कुटुंब वाचलं तेवढं सांगितलं आणि विषय बदलला. निबर, तुम्ही काय केलं असतं? अख्खं सांगायचं म्हणता, तर सहा वर्षांच्या मुलीला २१ वं वचन वाचून दाखवाल? आणि शास्ते १९, त्या उपपत्नीवरच्या अत्याचाराचं?

निबर
शास्ते १९ नाही. उघडच आहे.

खडूफळा
म्हणजे गाळायचं तुम्हालाही आहेच. कात्री फक्त तुमच्या हातात हवी.

निबर
शाब्बास, कोंडीत पकडलंत. पण गाळणं आणि बदलणं यात फरक आहे की नाही? तुम्ही अब्राहामाची गोष्ट पुढच्या गटासाठी ठेवलीत, ते मला मान्य आहे. तिथं खोटं काहीच सांगितलं नाही. पण यरीहोच्या भिंतीवर जल्लोष करायला लावणं म्हणजे गोष्ट बदलणं. २१ वं वचन सांगायची हिंमत नसेल तर ती खोकी रचूच नका. त्या मुलीला बरोबर प्रश्न पडला आणि आख्ख्या व्हीबीएसमध्ये उत्तर द्यायला कुणी नव्हतं. दावीदाचंही तेच. गोफण दाखवायची आणि गल्याथाचं मुंडकं कापलं ते लपवायचं, मग त्यावर 'धीट व्हा' लिहायचं. गल्याथाला दावीद 'लढाई परमेश्वराची आहे' असं बजावतो. त्यात याच्या धीटपणाचं कौतुक कुठून आलं?

मोजपट्टी
कुणी संशोधनाकडे बघणार आहे का? रोनाल्ड गोल्डमननं ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांना जळतं झुडूप, तांबडा समुद्र आणि येशूची परीक्षा या तीन गोष्टी देऊन मुलाखती घेतल्या, १९६४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. निष्कर्ष असा की साधारण बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलं हे सगळं शब्दशः घेतात, त्यामुळे लहान वयात बायबलच्या गोष्टींचा मारा केला तर फायद्यापेक्षा गोंधळच जास्त. म्हणजे गाळा की बदला हा वादच फोल. थांबा.

पाळकपुत्र
गोल्डमननं मोजलं काय, तर मुलाला गोष्ट समजावून सांगता येते का. ही टीका तेव्हाच झाली होती. मला अजून माझ्या बायकोचा राग समजावून सांगता येत नाही, पण तो कळतो.

उलट सोफिया कावालेत्तीनं १९५४ पासून रोममध्ये अगदी लहान मुलांबरोबर, माँटेसरीच्या पद्धतीनं हेच काम केलं. तिच्याकडे शिकून गेलेल्या जेरोम बेरीमननं पुढे जी पद्धत बसवली, तिच्यात गोष्ट सावकाश सांगतात, वाळूच्या पेटीत लाकडी माणसं हलवतात, आणि शेवटी तात्पर्याऐवजी शिक्षक मोठ्यानं नवल करतो: यातलं तुला सगळ्यात काय आवडलं असेल बरं? तू यात कुठे असशील? बरोबर उत्तर असं नसतंच.

खडूफळा
छान. ती वाळू नंतर कोण झाडणार? तेही लिहिलंय का त्या पद्धतीत?

बरं, एवढं मान्य करते की सूचनावलीतलं 'नोहा: प्राण्यांवर प्रेम' जरा अतीच आहे. पण चार वर्षांच्या मुलाला घरी जाताना हातात काहीतरी लागतं. तुमचा प्रश्न त्याच्या खिशात मावत नाही. मी तात्पर्य देणार. तुम्ही मोठा गट घ्या आणि हवी तेवढी वाळू उधळा.

जुनं_वळण
खरं बोललात. मुलांना आधी धरायला काठी द्या, मग डोंगराच्या गोष्टी. म्हणूनच पाठांतर.

हिशेबी
फिरून तिथंच! ठीक आहे, तडजोड सांगतो. पाठ करून घ्यायचंच ना? मग यिर्मया २९ अकराव्या वचनापुरतं नको. चौथ्यापासून चौदाव्यापर्यंत अख्खं घ्या. घरं बांधा, बागा लावा, ज्या शहरात धरून नेलंय त्याच शहराचं भलं चिंता. मग ते हिताचे संकल्प कुणासाठी आणि कसे, ते पोरांना आपोआप कळेल.

जुनं_वळण
सलग अकरा वचनं? आणि मघाशी तुम्हीच बहिणीचं सांगून आमच्या डोळ्यांत पाणी आणत होतात. आधी स्वतः पाठ करा आणि मंडळीपुढे उभं राहून म्हणून दाखवा.

हिशेबी
दाखवतो की. बक्षीस काय?