स्लरीतील पूरक द्रव्ये आणि ओरखडे

क्वार्ट्झ बिडाच्या प्लेटवर घासताना ॲल्युमिनाची बारीक पूड पाण्यात कालवून वापरतात; हे मिश्रण म्हणजे स्लरी. तिच्यात पूरक द्रव्ये केवळ प्लेटला गंज चढू नये म्हणून घालतात, बाकी सारे कणांच्या आकारावर आणि दाबावर ठरते, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. घासणीच्या सरासरी वेगापुरते ते बहुतांशी खरे आहे, परंतु ओरखड्यांचा हिशेब त्यात बसत नाही. ॲल्युमिनाच्या कणांवरील विद्युतभार साधारणपणे ९ पीएचच्या (पाण्याच्या आम्ल-अल्कतेच्या मापाच्या) आसपास शून्य होतो, आणि गंजरोधक म्हणून घातलेली अमाइने (अल्कधर्मी सेंद्रिय द्रव्ये) पाण्याला नेमके त्याच टापूत नेऊन ठेवतात; तेथे कणांमधील प्रतिकर्षण उरत नाही, बारीक पुडीच्या गुठळ्या होतात आणि क्वार्ट्‌झवर त्या जाड्याभरड्या कणांसारख्या वागतात. म्हणजे गंज टळला तरी ओरखडे पदरी पडतातच.

वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात असताना आम्ही बोअरवेलचे जड पाणी वापरत असू, आणि त्यातील कॅल्शियममुळे या गुठळ्यांना आणखीच खतपाणी मिळे. ऊर्ध्वपातित पाणी आणि कणांना सुटे ठेवणारे चिमूटभर सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट यांनी ओरखडे स्पष्टपणे कमी झाले. मात्र एक वेगळीच अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी दिसली. एकमेकांपासून सुटे झालेले कण सावकाश बसतात, पण बसताना इतके दाटीने रचले जातात की डब्याच्या तळाशी दगडासारखा थर होतो आणि तो ढवळून सुटत नाही. शेवटी थोडे बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) मिसळल्यावरच तो थर भुसभुशीत राहू लागला.