डिझाईन झालं, छापणार कोण?
बोर्डवर खेळायचा युद्धाचा गेम दमदार असला की पब्लिशर आपोआप मिळतो असं म्हणतात, ते काही पटलं नाही. चार्ल्स रॉबर्ट्स या अमेरिकन डिझायनरने १९५४ ला 'टॅक्टिक्स' हा त्याचा युद्धाचा गेम स्वतःच काढून टपालाने विकला, २००० च्या आसपास प्रती गेल्या, हिशोब जेमतेम बरोबरीत, अ‍ॅव्हलॉन हिल ही त्याची गेम कंपनी त्यानंतर १९५८ ला.

मी जळगावात असीरगडच्या वेढ्यावर (अकबराचा, १६०१ ला गड पडला तो) गेम केला. नियम दोन महिन्यात झाले, पण काउंटर, म्हणजे सैन्याच्या दोन्ही बाजूंनी छापलेल्या पुठ्ठ्याच्या सोंगट्या? लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये दिले तर मागची बाजू २ मिमी सरकलेली, गड राखणाऱ्या फारुकींच्या तोफा अर्ध्या कापलेल्या, आणि दुरुस्त करून द्या म्हटलं तर लग्नसराई चालूये भाऊ, जूनमध्ये या. शेवटी घरीच पुठ्ठ्यावर चिकटवून स्टीलच्या पट्टीने कापत बसलो, एका सेटला दोन संध्याकाळी. ती मजुरी किमतीत धरायची राहूनच गेली.