ब्रेस्ट इम्प्लांटनंतर एक बाजू कडक, एक खाली उतरलेली. पुन्हा ऑपरेशन करावं का?

अबोली_७

नमस्कार, बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितेच. साधारण दीड वर्षापूर्वी ब्रेस्ट ऑगमेंटेशन करून घेतलं. सिलिकॉनचे गोल इम्प्लांट, स्नायूखाली बसवलेले, टाके स्तनाखालच्या घडीत. दोन बाळंतपणांनंतर वरचा भाग अगदी रिकामा झाला होता, तो भरून हवा होता एवढंच, फार मोठं काही नको होतं मला. पहिले काही महिने छान वाटलं, मग हळूहळू उजवी बाजू वर चढल्यासारखी दिसायला लागली आणि आता ती हाताला चक्क कडक लागते, पालथं झोपलं की रुतते. डावी मऊ आहे पण ती खाली उतरलीय, निप्पल वरच्या दिशेला बघतंय असं दिसतं, आणि पुढे वाकले की बाहेरच्या कडेला बारीक लाटा उमटतात. बरणीचं घट्ट झाकण उघडायला जोर लावला की दोन्ही इम्प्लांट एकदम वर आणि काखेकडे सरकतात, ते तर मला बघवत नाही.

ज्यांनी ऑपरेशन केलं ते सर्जन दर वेळी "सेटल होईल" म्हणतात. दुसरीकडे दाखवलं तर त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं की हे काढून मोठा साइझ टाकू, सगळं भरून निघेल. नवरा म्हणतो मला काही वेगळं दिसत नाही, उगाच पुन्हा भूल घेऊ नकोस. मला मात्र रोज आंघोळीला गेलं की रडू येतं. अजून थांबायचं का, मोठा साइझ खरंच उपाय आहे का, आणि कोणी रिव्हिजन (म्हणजे पहिलं काम दुरुस्त करायला पुन्हा ऑपरेशन) केली असेल किंवा इम्प्लांट काढून टाकले असतील तर प्लीज सांगा.

जास्वंद

अबोली, आधी एक सांगते, नवऱ्याला दिसत नाही म्हणजे ते नाहीये असं नाही. तू जे लिहिलंयस तो भास नाही, यातल्या प्रत्येक गोष्टीला डॉक्टरांकडे नाव आहे.

माझी रिव्हिजन उजव्या बाजूसारख्याच त्रासासाठी झाली. इम्प्लांट कुठलाही असो, शरीर त्याच्याभोवती पातळ आवरण तयार करतंच, त्याला कॅप्सूल म्हणतात. काहींच्यात ते आवरण आकसतं आणि इम्प्लांटला आवळतं, मग तो कडक, गोल आणि वर चढलेला दिसतो. याला कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात आणि बेकरच्या चार ग्रेड असतात: १ मध्ये सगळं मऊ, २ मध्ये हाताला थोडं घट्ट, ३ मध्ये डोळ्यांनाही दिसतं, ४ मध्ये दुखतं. तुझी सर्जननी ग्रेड लिहून दिलीय का? नसेल तर विचार. ३-४ वर पोचलेली बाजू मसाजने किंवा वाट बघून सैल होईल अशी आशा मी तरी धरणार नाही. ऑपरेशननंतर सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात कारण सूज उतरून इम्प्लांट खाली बसायला तेवढा वेळ जातो, पण तुझा तो काळ उलटून गेलाय आणि तुझं तर सुधारायच्या ऐवजी वाढत चाललंय.

आता डावी बाजू. ती आवळलेली नाही, उलट खालचा आधार सुटलाय, बॉटमिंग आउट म्हणतात त्याला. निप्पल वर बघतंय असं वाटतं कारण इम्प्लांट घडीच्या खाली घसरलाय. तिथे आतून टाके घालून खिसा लहान करावा लागतो, कधी आधाराला जाळी किंवा टिश्यूचा पडदा लावतात. म्हणजे उजवीकडे आवरण काढायचं आणि डावीकडे आवरण शिवून घट्ट करायचं, दोन बाजूंना दोन वेगळी ऑपरेशन्स झाली की नाही? मग "मोठा साइझ टाकू" हे कशाचं उत्तर आहे? वजन वाढलं की डावी अजून घसरेल, कातडी अजून ताणून पातळ होईल आणि लाटा आज आहेत त्याहून जास्त दिसतील. मला त्या पाच मिनिटांच्या सल्ल्याचा राग आलाय खरं तर.

आणि माझ्या सर्जननी जे मला आधीच स्पष्ट सांगितलं होतं तेही ऐक, रिव्हिजननंतर कॉन्ट्रॅक्चर पुन्हा होण्याची शक्यता पहिल्या वेळेपेक्षा जास्त असते. माझी बाजू आज मऊ आहे, पण हे माहीत असूनच मी सही केली होती.

वॉर्डातली_मावशी

मी प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात नर्स आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करत नाही, फक्त तयारी सांगते. सगळ्यात आधी पहिल्या हॉस्पिटलमधून ऑपरेशन नोट्स आणि इम्प्लांट कार्ड माग. कार्डावर कंपनी, सीसी (म्हणजे साइझ), प्रोफाइल (म्हणजे किती पुढे येतो ते), पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, आणि सिरीयल नंबर असतो. याशिवाय दुसरा सर्जन अंधारात काम करतो. खरखरीत पृष्ठभाग असेल तर नक्की सांग त्यांना. जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलर्गनचे बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत मागवले गेले ते त्या पृष्ठभागाचा बीआयए-एएलसीएल नावाच्या दुर्मिळ कॅन्सरशी (लिम्फोमाशी) संबंध दिसल्यामुळे. घाबरू नकोस, काही लक्षण नसेल तर नुसत्या भीतीपोटी काढून टाका असं अमेरिकेच्या एफडीएनेही (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी तिथली सरकारी संस्था) सांगितलेलं नाही. पण ऑपरेशनला वर्ष उलटल्यावर एक बाजू अचानक सुजली किंवा पाणी भरल्यासारखी झाली तर सोनोग्राफी करून ते पाणी तपासायला पाठवायलाच हवं. आणि लाली, ताप, जखमेतून स्त्राव असं काही दिसलं तर इथे विचारत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सिलिकॉनचा इम्प्लांट आत फुटला तरी बाहेरून कळेलच असं नाही, म्हणून काही त्रास नसतानाही पाच-सहा वर्षांनी पहिला एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी, असं एफडीए सांगतं. तुझा तर आकारच बदललाय, त्यामुळे तपासणी आत्ताच होईल का ते विचार. रिव्हिजनच्या आधी फाटलाय की शाबूत आहे हे कळलेलं बरं. घरात कुणाला ब्रेस्ट कॅन्सर असेल तर तेही सांग. सिगारेट ओढत असशील तर ऑपरेशनच्या कितीतरी आठवडे आधी पूर्ण बंद, कारण एकदा कापलेल्या जागेचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो, सिगारेटने तो अजून घटतो.

अबोली_७

जास्वंदताई, मावशी, खूप खूप आभार. "दोन बाजूंना दोन वेगळी ऑपरेशन्स" हे मला आजवर कुणीच असं फोडून सांगितलं नव्हतं. सिगारेट नाही. कार्ड सापडलं, गुळगुळीत पृष्ठभाग लिहिलाय, जीव भांड्यात पडला. ते जोर लावल्यावर सरकतात त्याचं काय पण?

जास्वंद

ते स्नायूखाली असल्यामुळे. छातीचा स्नायू आवळला की इम्प्लांटला ढकलतो. इम्प्लांट स्नायूच्या वर आणला की ते थांबतं, पण मग वर झाकायला तुझी स्वतःची चरबी आणि ग्रंथी एवढंच उरतं, लाटा जास्त दिसू शकतात, आणि स्नायूच्या वर कॉन्ट्रॅक्चरचं प्रमाणही जास्त मानतात. काही सर्जन त्यासाठी पोटाची-मांडीची चरबी काढून कडेला भरतात, पण त्यातली काही शरीर शोषून घेतं. म्हणून एकाच ऑपरेशनमध्ये सगळं परफेक्ट होईल असं कुणी म्हणालं तर मी तिथून उठेन. तुला सगळ्यात जास्त काय खुपतं ते आधी ठरव, कडकपणा, उतरलेली बाजू, लाटा की ते सरकणं. सर्जनलाही तेच पहिल्यांदा सांग, साइझचं बोलणं शेवटी.

शांत_दुपार

मी काढून टाकले, म्हणून लिहितेय. माझा त्रास तुझ्याइतका नव्हता, पण मला आयुष्यभर स्कॅन आणि पुढचं ऑपरेशन कधी, हा विचार डोक्यात नको होता. इम्प्लांट जन्मभरासाठी नसतात हे सगळीकडे लिहिलेलं असतं, मनात उतरायला वेळ लागतो.

काढल्यावर पहिले काही आठवडे आरशात बघणं जड गेलं, अगदी चपटं आणि सैल. मग कातडी बरीच आकसली, पूर्वीसारखी नाही पण मला चालेल इतकी. तुझा साइझ फार मोठा नसेल तर तुझ्याही बाबतीत होऊ शकतं, पण बाळंतपणांनंतरची कातडी आहे, त्यामुळे लिफ्टबद्दल (सैल कातडी काढून स्तन वर उचलण्याचं ऑपरेशन) विचारून ठेव. लिफ्टचे व्रण निप्पलभोवती आणि खाली उभे येतात, ते आधी फोटोत बघ. लिफ्ट त्याच वेळी करतात किंवा काही महिने थांबून, कातडी किती आकसते ते बघून. मी थांबले आणि मग केलीच नाही.

अजून एक, ऑनलाइन "एन ब्लॉक" काढा, आवरणासकट अख्खं, असा फार आग्रह दिसेल. कॅन्सरचा संशय असेल तेव्हा ते गरजेचं असतं. एरवी पातळ, निरोगी आवरण बरगड्यांना चिकटलेलं असेल तर थोडं तिथेच ठेवणं जास्त सुरक्षित असू शकतं. माझ्या सर्जननी तसंच केलं आणि मला काही त्रास नाही.

अबोली_७

हे वाचून काढणे हा पर्याय पहिल्यांदाच खरा वाटला, आजपर्यंत मी तो हरल्यासारखा समजत होते. आता ऑपरेशन नोट्ससाठी अर्ज देते, आणि फक्त रिव्हिजनचंच काम जास्त करणारे दोन सर्जन शोधून दोघांना एकच प्रश्न विचारणार, उजवीला काय झालंय आणि डावीला काय झालंय. मोठ्या साइझला नाही सांगितलं.

वॉर्डातली_मावशी

जाताना समोरून, दोन्ही कडांनी, हात वर करून आणि वाकून काढलेले फोटो ने, तो जोर लावल्यावरचा व्हिडिओसुद्धा. तपासायच्या खोलीत सगळं नेमकं दिसेलच असं नाही. आणि त्यांना विचार की पुन्हा कॉन्ट्रॅक्चर झालं तर तुमचा पुढचा प्लॅन काय.