अशेरा: याहवेची अर्धांगिनी की वेदीशेजारचा खांब?

खाडीपलीकडचा
'सातपुडा' यांनी परवा लिहिले होते, "यहुद्यांच्या देवाला, म्हणजे याहवेला, बायको होती, तिचे नाव अशेरा, पुरोहितांनी तिला घराबाहेर काढले आणि आम्ही पहिल्यापासून एकच देव मानतो असा टेंभा मिरवला." त्याखाली वाहवांची रांग लागली. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातील मराठी यहुदी, माझे आजोबा अलिबागकडचे आणि मी गेली कित्येक वर्षे इस्राएलमध्ये अश्दोदला राहतो. त्यामुळे हे वाक्य मला झोंबले हे नाकारत नाही. परंतु माझी तक्रार श्रद्धा दुखावल्याची नाही. पुरावा एक शब्द बोलतो आणि आपण त्याच्या तोंडी अख्खे कीर्तन घालतो, ही माझी तक्रार आहे.

सिनाईच्या ईशान्येला कुंतिलेत अज्रूद येथे १९७५-७६ मध्ये झेएव्ह मेशेल यांनी उत्खनन केले. इ.स.पू. ८०० च्या सुमाराच्या त्या एकाकी ठाण्यात दोन मोठे रांजण निघाले आणि त्यांवर शाईने लिहिलेले आशीर्वाद वाचता आले: एकावर 'शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा', दुसऱ्यावर 'तेमानचा याहवे आणि त्याची अशेरा'. सारा डोलारा या 'त्याची'वर उभा आहे. मराठीत आपण 'विठोबाची रखुमाई' सहज म्हणतो. बायबलच्या हिब्रूत मात्र 'त्याची' हा प्रत्यय माणसाच्या किंवा देवाच्या विशेषनामाला लागत नाही. तेव्हा येथे अशेरा म्हणजे देवळातील एखादी वस्तू, बहुधा लाकडी खांब, असे वाचणे अधिक सरळ आहे. बायबलमधील 'अनुवाद' या ग्रंथातही (१६:२१) वेदीजवळ अशेरा 'रोवू नको' असेच सांगितले आहे, आणि रोवतात तो खांब.

राहिले रांजणावरील त्या अक्षरांखालचे चित्र, ज्याला याहवे आणि अशेरा यांच्या 'जोडप्याचे चित्र' म्हटले जाते. त्या दोन आकृती इजिप्तच्या बेस या ठेंगण्या देवासारख्या दिसतात, आणि लेखाची अक्षरे एका आकृतीच्या मुकुटावरून गेलेली आहेत. चित्र काढणारा आणि लिहिणारा एकच होता असे कोणी शपथेवर सांगेल काय?

सातपुडा
व्याकरणाच्या काठीने देवी हाकलता येत असती, तर यहूदाच्या, म्हणजे यरुशलेमभोवतालच्या राज्याच्या, योशीया राजाला एवढा खटाटोप करावा लागला नसता. आपल्याच ग्रंथात (१ राजे १८:१९) अशेराचे ४०० संदेष्टे आहेत. ते काय खांबाच्या पगारावर होते? आसा राजाची माता माका हिने अशेरेसाठी मूर्ती केली म्हणून तिचे राजमातेचे पद गेले. मनश्शेने अशेरेची कोरीव मूर्ती थेट यरुशलेमच्या मंदिरात बसवली, ती योशीयाने बाहेर काढून किद्रोनच्या ओढ्याशी जाळली, आणि त्याच अध्यायात (२ राजे २३:७) मंदिराच्या आवारात बसून अशेरेसाठी वस्त्रे विणणाऱ्या बायका आहेत. खांबाला कोणी वस्त्र विणते काय?

सीरियाच्या किनाऱ्यावर उगारित येथे १९२९ पासून जे मृत्तिकालेख निघाले, त्यांत हीच देवी अथिरत या नावाने एल देवाची पत्नी आणि ७० पुत्रांची माता आहे. अभ्यासक राफाएल पताय यांनी तर हिशेबच मांडला होता, की शलमोनाचे मंदिर उभे होते त्या ३७० वर्षांपैकी २३६ वर्षे अशेरेची मूर्ती आत होती. शिवाय यहूदाच्या घराघरांतून स्तन हातांनी तोललेल्या मातीच्या स्त्रीमूर्ती शेकड्यांनी सापडल्या आहेत आणि त्यांतील बहुतेक मान मोडलेल्या आहेत. योशीयाच्या माणसांनी घरे कशी धुंडाळली, हे त्या मोडलेल्या माना सांगतात.

खाडीपलीकडचा
दर पाडव्याला काठीला वस्त्र नेसवणाऱ्या मराठी माणसाने हा प्रश्न विचारावा, याचे नवल वाटते. उगारितचे लेख इ.स.पू. १२०० च्या आधीचे आणि पार उत्तरेचे; चार शतकांनंतरच्या रांजणावर त्यांची सून म्हणून कोणालाही बसवता येत नाही. पताय यांचा हिशेबही राजे या ग्रंथावर पूर्ण विसंबून आहे, आणि आपण तर तो ग्रंथ पुरोहितांचा कावा मानता. सोयीपुरता तो खरा कसा?

सातपुडा
त्या काठीची आपण पूजा करतो, नैवेद्य दाखवतो, हे आपण सोयीस्कर विसरलात. काठी आणि देवता यांत भिंत घालणारे पूजा करणारे नसतात, टीकाकार असतात.

कुंभारआळी
आपल्या वादात पडण्याची माझी पात्रता नाही, पण त्या मोडलेल्या मानांविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गौरीचे मुखवटे घडतात. काही वर्षांपूर्वी सहलीबरोबर यरुशलेमच्या संग्रहालयात गेलो, तेव्हा या मूर्तींच्या काचेपुढून मला आमच्या मार्गदर्शकाने अक्षरशः ओढून नेले. धड हाताने वळलेले, भरीव, खाली घंटेसारखे पसरट. डोके साच्यातून काढलेले, कपाळावर कुरळ्या केसांच्या ओळी. आणि डोक्याखाली मातीची खुंटी, जी धडात खोचून वरून ओल्या मातीने सांधलेली. हा सांधा कच्चा राहतोच. भरीव धड सावकाश वाळते, डोके लवकर वाळते, आणि मूर्ती आडवी पडली की तुटते ती मानेतच. आमच्या आळीत कोणी योशीया आला नव्हता, तरी उकिरड्यावर पाहिजे तेवढी डोकी मिळतील.

सातपुडा
एका आळीच्या अनुभवावरून इ.स.पू. ७ व्या शतकाचा इतिहास ठरत नसतो. उद्या सुतार येऊन सांगेल की अशेरेचा खांब वाळवीने पडला.

कुंभारआळी
साहेब, मला इतिहास शिकवण्याची हौस नाही. आपण ज्या वस्तूवर निकाल देता ती घडवणाऱ्या जातीचा हात आपण कधी पाहिला नाही, एवढेच मी म्हणालो. हातोड्याने फोडलेल्या मूर्तीचे तुकडे होतात, चेहरा फुटतो; मी पाहिलेली डोकी गालापासून नाकापर्यंत शाबूत होती. काहींचा तर चेहरा म्हणजे दोन बोटांनी चिमटा काढून केलेले नाक, बाकी काही नाही. तो चिमटा मात्र मी विसरलेलो नाही, कारण माझी आजी खेळण्यातल्या बाहुलीचे नाक तसेच काढत असे. त्या मूर्ती खेळणी होत्या असे मी म्हणत नाही; पण त्या देवीच होत्या, हे तरी कशावरून?

नगरकरीण
कुंभारआळीदादांच्या बाजूने आणखी एक मुद्दा. योशीयाची मोहीम इ.स.पू. ६२२ च्या सुमाराची. या मूर्ती मात्र इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम पडेपर्यंत घरांत सापडत राहतात. मोहीम त्यांच्याविरुद्ध असेल, तर ती फसली म्हणावी लागेल.

आता माझे गाऱ्हाणे. लहानपणी रविवारच्या शाळेत मी 'अशेरा म्हणजे कोण?' असे विचारले, तेव्हा शिक्षकांनी जुने इंग्रजी बायबल उघडून 'झाडांची राई' असे वाचून दाखवले आणि मला गप्प बसवले. ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांतील ही चूक किंग जेम्स या इंग्रजी भाषांतराने उचलली आणि तीन शतके देवीचे वनखाते झाले. म्हणून 'वस्तूच होती' असे कोणी ठामपणे म्हणाले की माझे कान टवकारतात.

आणि आपण सर्व पुरुष मंडळी राजांविषयी बोलत आहात. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा ४४ वा अध्याय वाचा. यरुशलेमच्या पाडावानंतर इजिप्तमध्ये पळालेल्या बायका संदेष्ट्याला तोंडावर सांगतात, की आम्ही आकाशराणीला धूप जाळत होतो तोवर पोटभर अन्न होते, ते बंद केले आणि उपासमार व तलवार वाट्याला आली. शिवाय तिच्या आकृतीच्या पोळ्या आम्ही नवऱ्यांना न सांगता करत होतो की काय? ७ व्या अध्यायात तर मुले लाकडे गोळा करतात, बाप विस्तव पेटवतात आणि बायका कणीक मळतात. यात कोठे पुरोहित दिसतो?

खाडीपलीकडचा
ताई, आकाशराणी ही अशेराच, असे त्या अध्यायात कोठेही म्हटलेले नाही. त्या पोळ्यांसाठी वापरलेला शब्द अक्कादी भाषेतून आलेला आहे आणि तिकडे, म्हणजे मेसोपोटेमियात, तो इश्तार देवीच्या नैवेद्याशी जोडलेला आहे.

नगरकरीण
बरे, इश्तार तर इश्तार. म्हणजे एक देवी नाकारण्यासाठी आपण दुसरी घरात घेतलीत.

खाडीपलीकडचा
हे मात्र मला लागले. ठीक आहे, हेब्रोनजवळच्या खिर्बेत एल-कोमच्या थडग्यातही उरियाहू नावाच्या माणसासाठी याहवेबरोबर 'त्याची अशेरा' कोरलेली आहे, म्हणजे ही वाळवंटातील वाटसरूंची लहर नव्हती, एवढे मी मान्य करतो. यहूदातील घरांत स्त्रीदेवतेची पूजा होत होती, हेही मान्य. पण 'बायको' हा शब्द मी मान्य करणार नाही, आणि सातपुडा यांनी मोडलेल्या माना मागे घ्याव्यात.

सातपुडा
माना मागे घेतो. कुंभारआळी यांच्या आजींना मान देऊन. बायको ठेवतो.

कुंभारआळी
आजी नव्हे हो, बाहुलीच्या नाकाला. आणि कोणाकडे त्या डोक्याखालच्या खुंटीचा जवळून काढलेला फोटो असेल तर द्यावा. ती किती लांब ठेवत, हे मला काचेबाहेरून नीट दिसले नाही.