दोन अँटीव्हायरस एकत्र नकोच
कुणीतरी विचारलंय की एक फुकटचा आणि एक विकतचा असे दोन अँटीव्हायरस टाकले तर डबल सुरक्षा मिळेल का, तर कृपया असं करू नका. मी केलं होतं, एक फाईल उघडायला घेतली की दोघंही ती तपासायला धावायचे आणि कॉम्प्युटर सुरू होऊन माऊस हलेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. एक काढला तेव्हा कुठे मशीन ताळ्यावर आलं.

विंडोज १० किंवा ११ असेल तर मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा अँटीव्हायरस आतच असतो, घरच्या वापराला तो पुरतो असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, म्हणून ट्रायल संपलेला दुसरा अँटीव्हायरस तसाच पडू देऊ नका, नीट अनइन्स्टॉल करा आणि विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडरचं रिअल टाइम प्रोटेक्शन (सतत चालणारा पहारा) चालू झालंय का ते बघा. विकतचाच हवा असेल तर एव्ही-टेस्ट, एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या अँटीव्हायरस तपासणाऱ्या संस्थांचे निकाल आधी वाचा.

पण खरी गोम अपडेटमध्ये आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने (फायली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्राम) जगभर फायली लॉक केल्या, तो विंडोजच्या ज्या भोकातून शिरला त्याचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, लोकांनी टाकलाच नव्हता. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा आपलं विंडोज कुठलं आहे ते आधी बघा. आणि फोटोंचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती काढून ठेवा, जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिच्यावरच्या फायलीही लॉक करतो.