प्रतिसाद: विमा कार्ड दिलं की आरोग्य केंद्रं कशाला?

वर एकांनी लिहिलंय की लोक शेवटी पुण्याच्या ससून या मोठ्या सरकारी रुग्णालयातच जातात, मग केंद्रांवरचा खर्च विम्याकडे वळवा. पटलं नाही. महात्मा फुले योजनेसारखा सरकारी विमा मुख्यतः दाखल झाल्यावर कामाला येतो. गरोदरपणातली तपासणी, बाळाची लस, बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या यांना कोण कशाला दाखल होईल? ही कामं घराजवळच व्हायला हवीत.

पुण्याचंच उदाहरण घ्या. तिथल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात शिरूर तालुक्यातल्या वढूला काम उभं केलं. गावातल्याच बायका-मुलींना शिकवून आरोग्यसेविका केलं. डॉक्टर गावात टिकत नाही, पण गावची सून टिकते, इतका साधा हिशोब! (त्यांना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.) २००५ नंतर गावोगाव आलेल्या सरकारी आरोग्यसेविकांच्या, म्हणजे आशाताईंच्या, कामामागेही हाच विचार आहे.

केंद्रांची अवस्था चांगली आहे असं माझं म्हणणं नाही. नियमाने सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक केंद्र आणि १ लाख २० हजारांमागे एक ३० खाटांचं रुग्णालय हवं, म्हणजे आपल्याकडचं ग्रामीण रुग्णालय. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ असायला हवेत. पदं रिकामी असली की अडलेली बाळंतीण थेट पुण्याच्या वाटेला लागते, आणि मग आपण म्हणतो ससूनला गर्दी फार.

पुणे महापालिकेच्या दवाखान्यांबद्दलही कुणीतरी लिहा.