निवती रॉकवर एप्रिल-मेमध्ये पर्यटक उतरवावेत का? माझं मत : अजिबात नाही

खारा वारा (वेंगुर्ला) – धागाकर्ता

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की वेंगुर्ला, निवती, भोगवे, तारकर्ली, सगळीकडे बोटवाल्यांचे बोर्ड लागतात. डॉल्फिन, स्नॉर्कलिंग, किल्लादर्शन आणि आता त्यात निवती रॉकसुद्धा. डॉल्फिन दाखवा, लाइटहाऊस लांबून दाखवा, माझं काहीच म्हणणं नाही, चार पैसे गावात येतायत ते यायलाच पाहिजेत. पण खडकावर माणसं उतरवणं, वर चढवणं, ड्रोन उडवणं हे एप्रिल ते सप्टेंबर पूर्ण बंद व्हायला हवं असं माझं मत आहे, आणि ते इथे मांडतोय कारण आमच्या भागात यावर कोणी उघड बोलतच नाही.

बाहेरच्या लोकांसाठी थोडक्यात सांगतो. वेंगुर्ल्याच्या वायव्येला भर समुद्रात खडकांचा एक पुंजका आहे, नकाशावर वेंगुर्ला रॉक्स, आम्ही निवती रॉक म्हणतो. एका खडकावर दीपस्तंभ आहे, एका काळ्याकभिन्न खडकाला इंग्रजांनी बर्न्ट आयलंड नाव दिलं. वस्ती नाही. आणि माणूस नाही म्हणूनच तिथे पक्षी आहेत, मुख्य दोन प्रकारचे. एक सुरय (इंग्रजीत टर्न, मासे खाणारा समुद्रपक्षी), दुसरी पाकोळी. हे काही आजचं नाही, एकोणिसाव्या शतकात ए. ओ. ह्यूम (हो, काँग्रेस स्थापन करणारे तेच, पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते) इथल्या सुरयांबद्दल लिहून गेलेत, पुढे १९४० च्या सुमारास हुमायून अब्दुलालींनी इथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर लिहिलं. म्हणजे निदान दीडशे वर्षं ही वीण माहीत आहे.

आता मुद्द्याचं. सुरय घरटं बांधत नाही. काडी नाही, गवत नाही, कपारीत नाहीतर सरळ उघड्या कातळावर अंडं घालतो, तेही बहुतेक वेळा एकच. मे महिन्यात दुपारी आपल्याकडचा कातळ किती तापतो ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, अनवाणी पाय टेकवत नाही. त्या वेळी पक्षी अंड्यावर असतो तो ऊब द्यायला नाही, सावली द्यायला. माणूस वर चढला की सगळा थवा एकदम उठतो आणि तुमच्या डोक्यावर ओरडत फिरत राहतो, पर्यटकाला वाटतं काय भारी सीन आहे, व्हिडिओ काढतो, आणि त्याच वेळी खाली अंडी उन्हात उघडी. ग्रुप अर्धा तास वर थांबला तर त्यातली किती जगतील? वर घार असतेच टपलेली. आणि एकच अंडं असतं त्यामुळे ते गेलं की त्या जोडीचा त्या वर्षीचा संसार बहुतेक तिथेच संपला.

मत मांडलंय. आता बोला.

दर्यावर्दी (मालवण)

दादा, तुमचा अभ्यास आहे, मान्य. पण आमचा सीझन किती तो पण लिहा की. ऑक्टोबरला सुरू होतो, दिवाळीत चार दिवस, नाताळात आठ दिवस आणि मग खरा धंदा एप्रिल-मेचाच. मे संपता संपता वॉटर स्पोर्ट्स बंद, ते ऑगस्टअखेरपर्यंत बोट किनाऱ्यावर झापाखाली. बँकेचा हप्ता मात्र बारा महिने. त्यात तुम्ही म्हणता नेमके तेच दोन महिने बंद करा.

आणि नेहमी लहान माणसालाच का धरता? रात्री एलईडी लावून मासळी साफ करणाऱ्या बोटी आहेत, पर्ससीनवाले (मोठ्या जाळ्याने अख्खा थवा घेरून उचलणारे) आहेत, त्यांनी समुद्र रिकामा केला तर ही पाखरं खाणार काय? नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली आयएनएस गुलदार, ८०-८५ मीटरची बोट, ती निवती रॉकजवळ पाण्याखाली ठेवून संग्रहालय करायची योजना सरकारनेच आणली. तिथे डायव्हिंगला माणसं येणार ती चालतात आणि आम्ही पाचपंचवीस माणसं घेऊन गेलो की पक्षी मेले?

कातळफूल (रत्नागिरी)

खारा वारांशी पूर्ण सहमत, फक्त एक गोष्ट राहिली ती टाकते. उंदीर. अशा बेटांवर जमिनीवरून येऊन अंडी खाणारं कोणी नसतं म्हणून तर पक्षी खाली कातळावर अंडी घालायची हिंमत करतात. जगभरात समुद्रपक्ष्यांच्या वसाहती ज्या कारणांनी उजाड झाल्या त्यात बोटींतून उतरलेले उंदीर आणि मांजरं फार वर आहेत. एक गाभण उंदरीण सामानातून उतरली तरी पुरे. पर्यटक वर चढून डबे उघडणार, उष्टं टाकणार, म्हणजे उंदरांच्या जेवणाचीही सोय झाली. ड्रोन एक दिवस बंद करता येईल हो, उंदीर एकदा आला की काढायला वर्षं जातात.

भिंगरी (पुणे)

मी पक्ष्यांचे फोटो काढते आणि मला ही सरसकट बंदी पटत नाही. कारण सांगते. बर्न्ट आयलंडच्या गुहेत पाकोळ्यांची घरटी आहेत, लाळेने बांधलेली. पूर्व आशियात पाकोळ्यांच्या घरट्यांचं सूप करतात, म्हणून इथली घरटी चोरून विकली जायची, शिडी लावून खरवडून न्यायचे. हे बाहेर कसं आलं? कोणीतरी तिथे गेलं म्हणून. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रसारख्या संस्थेची माणसं तिथपर्यंत पोचली, पाहणी केली, पाठपुरावा केला म्हणून. सगळ्यांना बंदी घाला आणि पहिला फायदा चोराला, कारण त्याला बघायलाच कोणी नाही.

त्यापेक्षा वेळाससारखं करा ना. तिथे कासवांमुळे गावात लोक येतात, घराघरात राहतात, जेवतात, दोरीच्या बाहेर उभं राहून पिल्लं समुद्रात जाताना बघतात, गावालाच कासव हवंसं झालं. इथे पण आठवड्यातून मोजकी माणसं, ट्रेनिंग घेतलेला गाईड, असं करता येईल. लोकांनी बघितलंच नाही तर त्यांना प्रेम कुठून वाटणार?

खारा वारा

@भिंगरी, मुद्दा चांगला आहे म्हणून नीट उत्तर देतो. वेळासला अंडी हॅचरीत, कुंपणाच्या आत वाळूखाली असतात. लोक बघतात ते अंड्यातून बाहेर पडलेली पिल्लं सोडताना. मादी रात्री अंडी घालायला वर आली की तिच्याभोवती पन्नास जणांचा घोळका उभा करत नाही कोणी. निवती रॉकवर चढणं म्हणजे नेमका तो घोळका मादीजवळ नेणं झालं. दोरी बांधायची तरी कुठे? कपारीत अंडं आहे ते दोन फुटांवरून दिसत नाही, रंगच तसा, मातकट आणि वर तपकिरी ठिपके, गाईडचाच पाय पडायचा.

आणि पाहणीला माझा विरोध नाहीच. वनखात्याची परवानगी काढून अभ्यासक वर्षातून एकदा दोनदा गेले, मोजदाद केली, गुहा तपासली, जरूर करावं. पाकोळीचा तर मार्चपासूनच विणीचा काळ सुरू होतो, आणि ती अंधाऱ्या गुहेत टिकटिक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढते, तिथे टॉर्च आणि आरडाओरडा घेऊन आत घुसणारा हौशी ग्रुप काय राखण करणार? चोरावर नजर ठेवायला निवतीचे मच्छीमारच चांगले. रोज त्या बाजूने जातात, परकी बोट त्यांना लगेच कळते.

@कातळफूल, उंदराचा मुद्दा फार महत्त्वाचा, धन्यवाद.

@दर्यावर्दी, तुम्हाला सविस्तर लिहितो, तुमचंच म्हणणं सगळ्यात जड आहे.

रापणकर (निवती)

आमच्या गावाचो विषय आसा म्हणान लिवतंय. पाखरां काय ती आमका कोणी शिकवक नको. तारली मासळी वर इली की पयली पाखरां सांगतत. लांबसून पांढरी पाखरां वरसून पाण्यात पडताना दिसली की होडयेचा तोंड थंय फिरवचा, ह्या आमच्या आजोबांपासून चलत इला. तेंका कोण कित्याक तरास देतलो?

पण माका भीती येगळी आसा. १९८७ साली मालवणाक सागरी अभयारण्य जाहीर झाला, तेवापासून हय 'अभयारण्य' म्हटल्यार मच्छीमाराच्या पोटात गोळो येता. आज तुमी म्हणतास खडपार उतरू नको. उद्या कोणतरी सायब येतलो आणि सांगतलो खडपापासून एक मैल होडी नको. परवा दोन मैल. आमी जावचा खंय? म्हणान आमचो इरोध पाखरांक नाय, कागदाक आसा.

पर्यटक वर चढवणाऱ्यांक मात्र माझो पण इरोध. थंय धड उतरूक जागा नाय, लाट कधी उचलीत आणि खडपार आपटीत सांगूक येणा नाय. शेहरातली पोरां मोबाइल धरून उडी मारतत. एक बुडलो तर सगळो समुद्र बंद करतले आणि तेच्यात आमी पण जातलंव.

नियमवाला (कुडाळ)

कायद्याबद्दल गैरसमज नको म्हणून लिहितो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे संरक्षित पक्ष्याची अंडी उचलणं, फोडणं, घरटं मोडणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं. त्यासाठी ती जागा अभयारण्य असायची गरज नाही. शिवाय सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांमध्ये पक्ष्यांच्या विणीच्या जागा सीआरझेड एक-अ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक गटात धरल्यात. त्यामुळे रापणकर म्हणतात ती भीती खरी असली तरी इथे नवीन अभयारण्याची गरजच नाही, आहे तेच राबवलं तरी उतरणं थांबवता येतं आणि मासेमारीला हात लागत नाही.

दर्यावर्दी

कायदा १९७२ पासून आहे ना, मग घरटी चोरीला गेली ती कशी? कागदावर सगळं असतं साहेब. पर्यटकाच्या बोटीला अडवायला सगळे पुढे, कारण आम्ही दिवसाढवळ्या जातो, लाइफजॅकेट घालून, पावती फाडून. रात्री जाणाऱ्याला कोण अडवतो ते सांगा मला.

खारा वारा

दर्यावर्दी, हे तुमचं अगदी खरं आहे आणि एलईडीचंही खरं आहे. मासळी राहिली नाही तर नुसता खडक राखून सुरय राहणार नाही, ते मलाही कळतं. एलईडीवर कारवाईच्या मागणीला माझं नाव कधीही घाला. पण मोठा चोर मोकळा आहे म्हणून आपण आपल्या हातातलं सोडायचं का?

आता धंद्याचं. तुमच्याकडे येणारा पर्यटक पैसे कशाचे देतो? बोटीतल्या सफरीचे, डॉल्फिनचे, समुद्रातून उभा राहिलेला खडक आणि त्यावरचं लाइटहाऊस बघण्याचे. खडकावर पाय ठेवला नाही तर तिकीट कमी होणार आहे का? विणीच्या दिवसांत सुरय दिवसभर खडकाभोवती ये-जा करत असतात. इंजिन बारीक करून दोनशे मीटरवर बोट उभी केली तर खडकावर येणारा पक्षी, डोक्यावर काळी टोपी, कपाळावरून डोळ्यामागे जाणारी पांढरी रेघ, हे सगळं साध्या दुर्बिणीतून दिसतं. बोटीत चार दुर्बिणी ठेवा आणि त्याचे वेगळे पैसे घ्या, मी स्वतः तुमच्या पोरांना पक्षी ओळखायला शिकवायला येतो, फुकट. वर चढलेल्याला काय दिसतं? घाबरून उडालेला थवा आणि पांढरी शीट.

गुलदारचा मुद्दाही बरोबर. डायव्हिंगच्या बोटी तिथे जाणार असतील तर त्यांनाही तोच नियम हवा, खडकापासून अंतर आणि वर कोणी चढायचं नाही. सरकारी असो की खाजगी.

भिंगरी

दोनशे मीटरवरून सहाशे मिमीच्या लेन्सने उडतानाचे फोटो मिळतात, ते मान्य करते. पण अभ्यासक म्हणजे कोण, ते कोण ठरवणार? आमच्यासारखे हौशी लोकच वर्षानुवर्षं नोंदी करतात आणि परवानगी मात्र ओळखीवाल्यांना मिळते. त्यामुळे माझा विरोध कायम, निदान मोजदादीच्या वेळी स्थानिक आणि हौशी मंडळींना जागा ठेवा.

खारा वारा

ठेवायलाच पाहिजे, आणि त्यात निवतीचे दोघं-तिघं मच्छीमार हवेतच. त्यांच्याशिवाय कोणाची बोट तिथे नीट लागणार आहे?

रापणकर

नियमवालो म्हणता ता बरा वाटला. कागद करूचोच आसा तर ग्रामसभेत करा, आणि पयल्या वळीत लिवा की मासेमारीक, जाळ्याक, होडी नांगरूक काय एक बंदी नाय. तुफान इला तर आमी त्या खडपाच्या आडोश्याक जातंव, ता पण लिवा. ह्या लिवल्यात तर माझी सही पयली.

खारा वारा

लिहितोच. मसुदा असा करतोय : "निवती रॉक परिसरातील पारंपरिक मासेमारी, जाळी टाकणे, होड्या नांगरणे व वादळात आसरा घेणे यावर कोणतीही बंदी नसावी. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळात पर्यटकांनी खडकांवर उतरू नये, पर्यटक बोटींनी २०० मीटर अंतर राखावे व ड्रोन उडवू नये." कोणाला शब्द बदलायचे असतील तर सांगा.

दर्यावर्दी

दोनशे मीटर ठीक, ड्रोन बंद ठीक. १५ एप्रिल करा. गुड फ्रायडे आणि आंबेडकर जयंतीला जोडून लोक येतात, ते बुकिंग आधीच घेतलेलं असतं आणि त्यांना उतरवतो असं सांगितलेलं असतं. पुढच्या वर्षी बोर्डवरून "उतरणे" हा शब्द काढायला मी आमच्या चार बोटवाल्यांना तयार करतो.

खारा वारा

१५ एप्रिलला मी तयार नाही, एप्रिलमध्ये अंडी सुरू होतात. पण बोर्डवरून शब्द काढायची तयारी दाखवलीत ही मोठी गोष्ट आहे. तुम्ही ग्रामसभेला या, तारखेवर तिथे समोरासमोर बोलू, रापणकरही असतील.

दर्यावर्दी

येतो. पण तारखेवर भांडणार.